हद्दीबाहेरचं घर आणि न घेतलेलं परमिट : नॉर्थ कॅरोलिनातलं एक प्रकरण

जानेवारी २०२५ मधली गोष्ट. रात्री साडेदहाला दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. आणि फर्नेस म्हणजे गॅस जाळून सगळं घर गरम ठेवणारं यंत्र. "फर्नेस परत बंद पडली रे. आठवड्यात तिसऱ्यांदा. तो माणूस येतो, आत कुठलं तरी बटण दाबतो, चालू करून जातो." बाहेर तापमान शून्याखाली गेलं होतं. कुठला दिवा लुकलुकतोय, किती वेळा, असं मी त्याला विचारत होतो. तेवढ्यात मागून मावशीचा आवाज आला, "त्याला वासाचं सांग. रॉकेलचा स्टोव्ह नीट पेटला नाही की कसं डोळ्यांत चुरचुरतं, तसं होतंय माझ्या खोलीत."

मी गेली एकोणीस वर्षं इमारतींच्या हीटिंग-कूलिंगचं डिझाइन करतो. मोजयंत्राने जे सांगितलं असतं ते मावशीने एका वाक्यात सांगितलं. इंधन अर्धवट जळलं की अल्डिहाइड नावाची रसायनं तयार होतात आणि डोळ्यांना झोंबणारा तो वास त्यांचा असतो. अर्धवट ज्वलनात त्यांच्याबरोबरच कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो, आणि त्याला मात्र वास नसतो. मी दादाला म्हटलं, "फर्नेसचा स्विच बंद कर, सगळ्यांना बाहेर गाडीत बसव आणि ९११ ला फोन लाव. आत्ता." तो म्हणाला, "एवढ्या थंडीत आईला बाहेर?" मी म्हटलं, "हो, आईलाच आधी."

त्या भागात अग्निशमन दल स्वयंसेवकांचं आहे. स्टेशन नऊ मैलांवर. माणसं आपापल्या घरून निघून पंचवीस मिनिटांत पोचली, ही त्यांची शर्थच म्हणायची. मावशीच्या खोलीत त्यांच्या मीटरवर कार्बन मोनॉक्साइडचा ४८ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४८ भाग, असा आकडा आला. दार उघडून वीस मिनिटं झाल्यानंतरचा हा आकडा. त्यांनी गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि फर्नेसला, ती वापरू नये म्हणून, लाल टॅग लावला. मावशीला इस्पितळात नेऊन ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी आली. त्याआधीचे दोन आठवडे ती सकाळी डोकं जड घेऊन उठत होती, हवा मानवत नाही असं म्हणून क्रोसिन घेत होती आणि दुपारी अंगणात फिरली की बरं वाटतं म्हणत होती. घराबाहेर पडल्यावर बरं वाटणं ही या विषबाधेची जुनी ओळख आहे. पण साताऱ्याहून आलेल्या बाहत्तर वर्षांच्या बाईचं डोकं अमेरिकेतल्या थंडीत दुखलं तर फर्नेसकडे कोण बघणार?

घर रॅले शहरापासून तासाभरावर, एका ग्रामीण काउंटीत आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. पाच एकर जागा, मागे पाइनची झाडं, पाणी विहिरीचं, सांडपाणी सेप्टिक टाकीत. गॅसची पाइपलाइन तिथे नाही, म्हणून अंगणात प्रोपेन गॅसची ५०० गॅलनची टाकी. घर जमिनीपासून उचललेलं, खाली अडीच-तीन फुटांची पोकळी, म्हणजे क्रॉलस्पेस. फर्नेस त्या पोकळीत आडवी बसवलेली. नॉर्थ कॅरोलिनात अशी घरं हजारोंनी आहेत.

नवी फर्नेस आणि नवा एसी बसवून जेमतेम दोन महिने झाले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये दादाने एका स्थानिक कॉन्ट्रॅक्टरला काम दिलं. तेव्हा बाजारात घाई होती आणि घाईला कारणही होतं. ७०० किंवा त्याहून जास्त तापमानवृद्धी क्षमतेचा गॅस (म्हणजे हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या ७०० पट किंवा जास्त उष्णता धरणारा) वापरणारे घरगुती एसी नव्या वर्षापासून बनवता किंवा आयात करता येणार नाहीत, असा अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेचा नियम लागू होत होता. तोवर सगळीकडे वापरला जाणारा आर-४१०ए त्या मोजपट्टीवर २,०८८ भरतो. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, जानेवारीत नव्या गॅसची मशिनं येतील, महाग असतील, माझ्याकडे आत्ता माल आहे. दादाने होकार दिला. दोन माणसं सकाळी आली, संध्याकाळी गेली. परमिटचं, म्हणजे कामाच्या सरकारी परवानगीचं, जिच्यामागून तपासणीही येते, दादाने विचारलं होतं, हे मला इथे मुद्दाम नोंदवायचं आहे. उत्तर मिळालं, "तुम्ही शहराच्या हद्दीबाहेर आहात. काउंटीत नुसती मशीन बदलायला परमिट लागत नाही."

दादाला ते पटलं, कारण आपल्या मनात हेच चित्र असतं. नगरपालिकेची हद्द संपली की नियम ढिले. शिवाय शेजाऱ्याने आदल्या वर्षी गवताच्या गाठी ठेवायला मोठं शेड उभारलं होतं, त्याला परमिट लागलं नव्हतं. ते खरंही होतं. नॉर्थ कॅरोलिनात नगर-हद्दीबाहेरच्या शेतीच्या इमारतींना बांधकाम नियमांतून सूट आहे. पण ती सूट शेडला आहे, राहत्या घराला नाही. ग्रामीण भागातला निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो असं मला वाटतं. शेजाऱ्याचा अनुभव खरा असतो, फक्त तो आपल्या कामाला लागू नसतो.

सकाळी मी पोचलो तेव्हा आधी घराला फेरी मारली. नव्या पद्धतीच्या फर्नेसचा धूर प्लास्टिकच्या पांढऱ्या पाइपमधून बाहेर पडतो, कारण तो बऱ्यापैकी थंड झालेला असतो. नीट चालणाऱ्या फर्नेसच्या पाइपचं तोंड दोन वर्षांनीही पांढरंच राहतं. इथे तोंडाशी काळं कडं होतं. बोट फिरवलं, काजळ लागली. पाइप मावशीच्या खोलीच्या खिडकीखाली, हातभर अंतरावर निघत होता. ती खिडकी रात्री बोटभर उघडी ठेवायची मावशीची सवय. बंद खोलीत तिला झोप येत नाही.

मग क्रॉलस्पेसचं दार उघडून टॉर्च मारला. फर्नेसच्या गॅस व्हॉल्व्हशेजारी प्लास्टिकची छोटी पिशवी टायने बांधलेली होती. आत पितळेचे जेट, एक स्प्रिंग, एक स्टिकर. पिशवी फोडलेलीच नव्हती.

ही पिशवी म्हणजे प्रोपेनचं कन्व्हर्जन किट. या फर्नेस कारखान्यातून नैसर्गिक वायूसाठी जुळवलेल्या येतात. प्रोपेनवर चालवायच्या तर बसवणाऱ्याने जेट बदलायचे आणि व्हॉल्व्हमधली स्प्रिंग बदलून दाब जुळवायचा. मुंबई-पुण्यात घरी पाइपचा गॅस आला की फिटर आधी शेगडीचे जेट बदलतो, कारण सिलिंडरच्या गॅसचं भोक त्याला चालत नाही. इथे तेच उलट्या दिशेने करायचं होतं. नैसर्गिक वायूच्या एका घनफुटात साधारण १,०३० बीटीयू उष्णता असते, प्रोपेनच्या एका घनफुटात २,५००. म्हणून प्रोपेनचं भोक लहान हवं. जेट आणि स्प्रिंग दोन्ही न बदलता प्रोपेन सोडला तर, प्रोपेन जड असल्याने तो थोडा सावकाश वाहतो हे धरूनही, माझ्या हिशेबाने फर्नेसमध्ये ठरल्यापेक्षा जवळपास दीडपट आग पेटते. त्या आगीला पुरेशी हवा मिळत नाही. मग ज्योत पिवळी होते, काजळी धरते, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. ज्योत मागे उलटायला लागली की सुरक्षेचा स्विच पडतो आणि फर्नेस बंद होते. आठवड्यात तीनदा पडला तो हाच स्विच. फर्नेस तीनदा ओरडून सांगत होती आणि तीनदा बटण दाबून तिला गप्प केलं गेलं.

"पिशवीला हात लावू नकोस," मी दादाला म्हटलं. "ही काउंटीच्या इन्स्पेक्टरने बघायला हवी."

आता कायद्याचं, कारण प्रकरणाचा कणा तोच आहे. नॉर्थ कॅरोलिनात १०० काउंट्या आहेत आणि राज्याचा बांधकाम कोड सगळ्यांना सारखा लागू आहे. शहराच्या हद्दीत शहराचं इन्स्पेक्शन खातं बघतं, बाहेर काउंटीचं. काही गावांचा अधिकार हद्दीबाहेर मैलभर किंवा जास्तही पसरलेला असतो, म्हणून आपलं घर नक्की कोणाच्या अखत्यारीत येतं ते पत्ता सांगून विचारून घ्यावं. खातं बदलतं, नियम तोच राहतो. राज्याच्या कायद्यात, प्रकरण १६०डी, कलम १११० मध्ये, घरगुती किरकोळ कामांना परमिटमधून सूट दिली आहे. कॉन्ट्रॅक्टर बोट दाखवत होता ते याच सुटीकडे असावं. पण त्याच वाक्यात अपवादांची यादी आहे आणि तीत हीटिंग, एअर कंडिशनिंग आणि विजेची उपकरणं बसवणं, बदलणं स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. म्हणजे स्वयंपाकघराची कपाटं बदलायला परमिट नको, फर्नेस बदलायला हवं. जुनी काढून तिथेच, तेवढीच नवी बसवली तरी हवं.

कॉन्ट्रॅक्टरला फोन केला तेव्हा त्याने आधी हवामानाला दोष दिला. मग परमिटचा विषय निघाल्यावर म्हणाला, "तुम्ही मालक म्हणून स्वतःच्या नावाने परमिट काढा. लवकर होईल, स्वस्तात होईल." हे मी याआधीही ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो. मालकाच्या नावाचं परमिट हे मालक स्वतः आपल्या राहत्या घरात, आपल्या हाताने काम करणार असेल त्यासाठी आहे. पैसे देऊन दुसऱ्याकडून करवून घेतलेल्या कामावर आपलं नाव लावलं, तर कामाची जबाबदारीही आपण आपल्या डोक्यावर घेतो. त्या दिवशी दादाने सही केली असती, तर न फोडलेल्या पिशवीचा जाबही कागदावर त्यालाच विचारला गेला असता.

दादा नरम स्वभावाचा आहे. भांडण नको, म्हणून तो कदाचित सही करूनही मोकळा झाला असता. वहिनींनी फोन हातात घेतला. राज्यात फर्नेस-एसीच्या कामाला राज्य परवाना मंडळाचं लायसन्स लागतं. १५ टनांपर्यंतच्या गरम-थंड हवेच्या कामाच्या लायसन्सला एच-३ म्हणतात. लायसन्सचा नंबर मंडळाच्या वेबसाइटवर कोणालाही तपासता येतो आणि वहिनींनी तो रात्रीच तपासला होता. लायसन्स खरं होतं, चालू होतं. काम सुरू करण्याआधी परमिट काढणं ही लायसन्सधारकाची जबाबदारी आहे आणि ते न काढणं मंडळाकडे तक्रारीचा विषय होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "परमिट तुमच्या नावाने उद्या निघालं तर ठीक. नाहीतर परवा मंडळाकडे माझं पत्र जाईल." दुसऱ्या दिवशी दुपारी परमिट निघालं. उशिरा घेतलं म्हणून काउंटीने दुप्पट फी लावली, तीही त्यानेच भरली.

मी दादाबरोबर काउंटीच्या ऑफिसला गेलो होतो. लहान जागा, एक काउंटर, मागे चार टेबलं. तिथल्या बाईंनी पत्ता टाकला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. या घरावर शेवटचं मेकॅनिकल परमिट जुन्या फर्नेसचं होतं. मधल्या काळात तिथे काही बदललं आहे हे सरकार-दरबारी कोणाला माहीतच नव्हतं. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "तुमच्या रस्त्यावरून गेल्या वर्षभरात एकही परमिट आलेलं नाही." त्या रस्त्यावर अकरा घरं आहेत.

इन्स्पेक्टर दोन दिवसांनी आला. साठीकडे झुकलेला माणूस, अंगावर ओव्हरऑल, कपाळावर दिवा. आधी वर, विजेच्या पॅनेलपाशी गेला. बाहेरच्या एसीच्या पाटीवर जास्तीत जास्त ४० अँपिअरचा ब्रेकर लिहिला होता, पॅनेलमध्ये जुन्या मशीनचा ५० चा तसाच होता. म्हणजे आत काही बिघडलं तर ब्रेकर पडायच्या आधी वायर किंवा कॉम्प्रेसर जळू शकतो. मग त्याने हीट-लोडचा, म्हणजे घराला किती गरम-थंड करावं लागतं त्याचा, हिशेब मागितला. तो कोणी केलाच नव्हता. साडेतीन टनांच्या जागी चार टनांचा एसी बसवला होता, "थोडा मोठा बरा" या हिशेबाने. कोडमध्ये मशीनचा आकार मॅन्युअल-जे नावाच्या गणिताने ठरवायचा असं लिहिलेलं आहे. नॉर्थ कॅरोलिनाच्या दमट उन्हाळ्यात मोठा एसी खोली झटकन थंड करून बंद होतो आणि हवेतला ओलावा तसाच सोडतो. भिंतींना बुरशी लागते ती अशी. यावर मी तासभर बोलू शकतो, पण त्या दिवशी तो दुय्यम मुद्दा होता.

मग तो घराखाली शिरला. पोटावर सरकत, टॉर्चच्या उजेडात. आम्ही दाराशी वाकून बसलो होतो. दोन मिनिटं काही आवाज नाही. मग आतून त्याचा आवाज आला, "किट बॅगमध्येच आहे." बाहेर आला तेव्हा गुडघ्यांना लाल माती होती आणि हातात फोन होता, पिशवीचा फोटो काढलेला. त्याने तो दादाला दाखवला नाही, आधी मावशीला दाखवला. ती दारात शाल घेऊन उभी होती. इंग्रजी तिला फारसं कळत नाही. तिने फोटो बघितला आणि मला म्हणाली, "म्हणजे पिन बदललीच नाही होय?" स्टोव्हच्या निपलला पिन मारत संसार केलेल्या बाईला आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही.

त्याने लिहून दिलेल्या कागदावर किट आणि ब्रेकर सोडून आणखी गोष्टी होत्या. फर्नेसपाशी काम करायला दिवा आणि प्लगपॉइंट नाही. धुराच्या पाइपचं तोंड खिडकीपासून दूर न्यावं. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नाही. या शेवटच्या मुद्द्यावर मला थांबायचं आहे. जुन्या घरात इंधनावर चालणारं उपकरण बदललं आणि त्या कामाला परमिट लागत असेल, तर तिथे हा अलार्म लावायलाच हवा, असं राज्याच्या घरबांधणी कोडमध्ये आहे. म्हणजे नोव्हेंबरात परमिट निघालं असतं, तर इन्स्पेक्टरला पिशवी दिसायच्या आधीच तीस-चाळीस डॉलरचा एक डबा झोपायच्या खोल्यांबाहेर लागला असता. मात्र अलार्म हा पूर्ण उपाय नाही. तिथे मिळणारे प्रमाणित घरगुती अलार्म ७० पीपीएमला तासाभराने ते चार तासांत वाजतात आणि ३० पीपीएमला महिनाभर वाजू नयेत असेच बनवलेले असतात. मावशीच्या खोलीतल्या ४८ ला तो वाजला असता की नाही, सांगता येत नाही. म्हणून फर्नेस मुळात नीट बसली आहे ना, हे बघणारे डोळे आधी हवेत.

आणि ग्रामीण भागात ते जास्त हवेत. शहरातल्या घरात नैसर्गिक वायू असतो. तो हवेपेक्षा हलका, गळला तर वर जातो. प्रोपेन हवेपेक्षा जड. गळला तर खाली बसतो, आणि या घरांत खाली म्हणजे क्रॉलस्पेस, जिथे फर्नेसची ठिणगी आहे. गॅसचा वास आला की दिवा लावू नको, दार उघड, हे आपल्याकडे प्रत्येक स्वयंपाकघरात शिकवतात ते याचमुळे. त्यात मदत नऊ मैलांवर. मशीन बसवणारा माणूस सोडला तर त्या पोकळीत वर्षानुवर्षं कोणी शिरत नाही. परमिटच्या फीमध्ये आपण विकत घेतो ती एका त्रयस्थ माणसाची पोटावर सरकत घराखाली जाण्याची तयारी. तो माणूस मशीन विकत नाही, त्याला घाई नाही, आणि पिशवी पिशवीतच आहे हे सांगण्यात त्याचं काही बुडत नाही.

टेक्सासमध्ये राहणारे मित्र हे ऐकून म्हणतात, आमच्याकडे काउंटीत खरंच परमिट लागत नाही. बरोबर आहे. टेक्सासमध्ये काउंट्यांना अधिकारच फार थोडे आहेत. २००९ च्या कायद्याने त्यांना नगर-हद्दीबाहेरच्या नव्या घरांपुरता घरबांधणी कोड लावता येतो, पण चालू घरातली फर्नेस बदलण्यावर बहुतेक ठिकाणी काउंटीची नजर नसते. तिथेही राज्याचं लायसन्स मात्र लागतंच. म्हणून टेक्सासच्या मित्राचा सल्ला नॉर्थ कॅरोलिनात वापरू नये आणि इथला तिथे. जिथे इन्स्पेक्टर येतच नाही, तिथे मी घरमालकाला स्वतः पैसे देऊन दुसऱ्या लायसन्सधारकाकडून ज्वलनाची तपासणी करून घ्यायला सांगतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि गॅसचा दाब मोजून, आकडे कागदावर लिहून. प्रोपेनला व्हॉल्व्हनंतरचा दाब साधारण १० इंच पाण्याइतका हवा, नैसर्गिक वायूला साडेतीन. दादाच्या फर्नेसवर इन्स्पेक्शननंतर मोजला तेव्हा तो साडेतीनच होता.

दुरुस्तीला तीन आठवडे लागले. जेट आणि स्प्रिंग अर्ध्या तासात बदलले, पण काजळीने आतला दुसरा हीट एक्स्चेंजर, म्हणजे धुरातली उष्णता घरच्या हवेला देणारा भाग, गच्च झाला होता. तो साफ होण्यासारखा नव्हता, बदलावा लागला. वॉरंटी लागू होते की नाही यावर कॉन्ट्रॅक्टर आणि कंपनीत आठवडाभर पत्रापत्री झाली. तोवर घर विजेच्या हीटरवर होतं आणि सगळे एका खोलीत झोपत होते. गॅस पुन्हा सोडण्याआधी प्रोपेनवाल्याने लाइनची गळती तपासली. ब्रेकर बदलला, पाइपचं तोंड घराच्या कोपऱ्यापलीकडे नेलं, खाली दिवा लागला. दुसऱ्या तपासणीत सगळं पास झालं. किटमधलं ते स्टिकर आता फर्नेसच्या दारावर आहे. ही फर्नेस प्रोपेनसाठी बदलली आहे, अमुक तारखेला, अमुक माणसाने, असं त्यावर पेनने लिहिलेलं आहे.

त्या शनिवारी मावशी अंगणात फिरत होती. फिरता फिरता कुंपणापाशी थांबली आणि दादाला हाक मारली. पलीकडचं घर एका वयस्कर जोडप्याचं आहे. त्यांचंही काम नोव्हेंबरात, त्याच माणसाने, त्याच आठवड्यात केलं होतं. दादाला ते माहीत होतं, कारण त्यांनीच त्याला तो नंबर दिला होता. मावशीने बोट दाखवलं. त्यांच्या भिंतीतून निघालेल्या पांढऱ्या पाइपच्या तोंडाशी काळं कडं होतं.

दादाने खिशातून फोन काढला आणि कुंपणाचं फाटक उघडून त्यांच्या दाराकडे निघाला.